‘ड्रॅक्युला’ दुसऱ्याच्या हाती देताना

‘वाच, जाम भीती वाटते’ एवढं सांगून ‘ड्रॅक्युला’ कुणाला दिली की ती बहुतेक वेळा पाचव्या प्रकरणात खूण अडकलेल्या अवस्थेत परत येते. पहिली चार प्रकरणं वाचकाने एका रात्रीत संपवलेली असतात. किल्ला, लांडगे, कुलूपबंद दारं हे सगळं त्याला आवडलेलं असतं. पाचव्यात अचानक दोन मैत्रिणी एकमेकींना पत्रं लिहू लागतात, एकीला एकाच दिवसात तीन मागण्या येतात, आणि आपल्याला चुकीचं पुस्तक दिलं की काय असं त्याला वाटू लागतं. देणाऱ्याने भीतीचा वायदा केलेला असतो, पुस्तकाच्या घडणीबद्दल मात्र तो अवाक्षर बोललेला नसतो.

म्हणून शिफारस घडणीपासून सुरू करा. ब्रॅम स्टोकरची ही कादंबरी लंडनमध्ये मे १८९७ मध्ये निघाली. तिला सलग निवेदक नाही. ती एक फाइल आहे. जोनाथन हार्कर या तरुण सॉलिसिटरची लघुलिपीत लिहिलेली रोजनिशी, त्याची वाग्दत्त वधू मिना हिची टिपणं, पत्रं, तारा, वेड्यांच्या इस्पितळातल्या डॉक्टरने फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर बोलून ठेवलेल्या नोंदी, वर्तमानपत्रांची कात्रणं, एका जहाजाची नोंदवही असे कागद तारखा घालून लावलेले आहेत. प्रत्येक पात्राच्या हाती यातला एखादाच कागद असतो. सगळी फाइल फक्त वाचकाकडे असते, आणि भीती तिथून येते.

तुमच्यापुरतं एक उदाहरण. व्हिटबी या इंग्लंडातल्या समुद्रकाठच्या गावात मिनाची मैत्रीण लूसी झोपेत चालत बाहेर जाते. मिना रात्री तिला शोधून काढते, थंडी वाजू नये म्हणून तिच्या अंगावर शाल टाकते आणि गळ्याशी मोठी पिन लावते. नंतर लूसीच्या गळ्यावर टाचणीच्या टोकाएवढे दोन लाल ठिपके दिसतात. आपल्याच पिनेने टोचलं असेल, असं वाटून मिना बिचारी माफी मागते. जोनाथनची किल्ल्यातली रोजनिशी तिने अजून वाचलेलीच नाही, आपण वाचलेली आहे. हा प्रसंग पुढच्याला सांगू नका, तो त्याचा त्याला सापडू द्या. सांगायचं ते एवढंच: ‘ही एका प्रकरणाची कागदपत्रं आहेत. प्रत्येक कागदाची तारीख आणि तो कोणी लिहिलाय ते बघत जा. पात्रांच्या आधी तुला कळत जाईल.’ एवढ्या तीन वाक्यांवर पाचवं प्रकरण निभावून जातं, कारण आता ती पत्रंही पुरावा म्हणून वाचली जातात.

कोणाला द्यावी, कोणाला नको

नारायण धारपांच्या वाचकाला बिनदिक्कत द्या. त्याची वाट आधीच तयार असते. धारपांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे आणि १९७५ ची ‘सेलम्स लॉट’ ही ड्रॅक्युला अमेरिकेतल्या लहान गावात आला तर काय होईल, या कल्पनेतून निघालेली. म्हणजे हा वाचक नातवाला भेटून आलाय, आता आजोबांना भेटेल. शिवाय धारपांच्या कथांमधल्या समर्थांची सवय असलेल्याला इथला प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग परका वाटत नाही. अभ्यास, विधी आणि धीर एकत्र घेऊन अमंगळाशी झुंजणारा जाणता माणूस त्याच्या ओळखीचा आहे.

रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आवडणाऱ्याचं गणित वेगळं. त्याला वीस पानांत कलाटणी मिळायची सवय असते. त्याला आधी पहिली चार प्रकरणं दीर्घकथा म्हणून वाचायला सांगा, ती तशी वाचता येतात. किंवा शेरिडन ल फानूची ‘कार्मिला’ द्या. ती १८७२ ची, म्हणजे ‘ड्रॅक्युला’च्या पंचवीस वर्षं आधीची, स्टोकरसारख्याच डब्लिनच्या माणसाने लिहिलेली आणि दोन बैठकांत संपणारी आहे.

सगळ्यात भरवशाचं गिऱ्हाईक मात्र रहस्यकथा वाचणारं. सतराव्या प्रकरणात सगळे कागद एकत्र येतात, मिना ते टंकयंत्रावर उतरवून काढते, तारखा जुळवते, आणि तिथून पुढे खोक्यांच्या पावत्या, मालवाहतूकदारांचे जबाब, आगगाड्यांची वेळापत्रकं यांच्या आधारे शोध चालतो. भयकथा वाचणारे इथे कंटाळतात, रहस्यकथावाले ताठ बसतात. त्यांना देताना ‘पिशाच’ हा शब्दही काढू नका. ‘पन्नास खोकी इंग्लंडात उतरली, त्यातलं प्रत्येक कुठे गेलं ते शोधायचंय’ एवढं पुरे.

वयाचं म्हणाल तर पंधरा-सोळाच्या पुढे. कारण निव्वळ रक्त नव्हे. चौथ्या प्रकरणापर्यंतच तान्ह्या मुलाच्या बाबतीत एक प्रसंग आहे, तो मोठ्यांनाही जड जातो. आणखी एक सावधगिरी, जी सहसा कुणी सांगत नाही: ज्या घरात नुकतंच लांबलेलं आजारपण झालंय त्या घरात हे पुस्तक सध्या देऊ नये. नऊ ते बारा ही प्रकरणं म्हणजे रुग्णाच्या उशाशी काढलेल्या रात्री आहेत. आज जरा रंग आला, उद्या पुन्हा पांढरी पडली, असं चालतं. दातांपेक्षा ते जास्त लागतं.

कोणती प्रत

लेखक १९१२ मध्ये वारला, त्यामुळे पुस्तक केव्हाच सर्वांसाठी खुलं झालं आहे. कोणीही छापू शकतो, कोणीही कापू शकतो. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर इंग्रजी मजकूर फुकट आहे, तिथला क्रमांक ३४५. छापील हवी असेल तर पेंग्विन क्लासिक्स किंवा ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्सची टिपांसह प्रत चांगली. पण देताना बजावून सांगा की प्रस्तावना शेवटी वाचायची. अभ्यासकांच्या प्रस्तावना वाचकाला कथानक ठाऊक आहे असं धरून लिहिलेल्या असतात. कोण जगतं, कोण नाही, हे पहिल्या दहा पानांत येऊन जातं. तसंच शेवटचं पान चाळायचं नाही. तिथे ‘सात वर्षांनंतर’ची एक छोटी टीप आहे आणि ती सगळं सांगून टाकते.

प्रत पूर्ण आहे का हे पाहायला पाच मिनिटं लागतात. प्रकरणं सत्तावीस हवीत. सहाव्यात स्वेल्स नावाचा म्हातारा बोलताना सापडला पाहिजे. सातव्यात ‘डिमिटर’ जहाजाची नोंदवही तारखांसह हवी. अकराव्यात प्राणिसंग्रहालयाच्या रखवालदाराची मुलाखत हवी. संक्षेप करणारे नेमके हेच भाग आधी उडवतात. मूळ मजकूर साधारण एक लाख साठ हजार शब्दांचा आहे, त्यामुळे इंग्रजी प्रत साडेतीनशे-चारशे पानांच्या खाली आली की अक्षर फार बारीक आहे किंवा पुस्तक कापलेलं आहे. कापाकापी आजची नाही. १९०१ मध्ये, स्टोकरच्या हयातीतच, स्वस्त संक्षिप्त आवृत्ती निघाली होती.

मराठी प्रत घेताना आतल्या पानावरचा शब्द वाचा. ‘अनुवाद’, ‘संक्षिप्त अनुवाद’, ‘रूपांतर’ आणि ‘स्वैर रूपांतर’ या चार वेगवेगळ्या वस्तू आहेत. दीडदोनशे पानांत पूर्ण ‘ड्रॅक्युला’ मावत नाही. पानांपेक्षाही महत्त्वाची परीक्षा दुसरी: रोजनिशा, पत्रं, कात्रणं वेगळी ठेवलीत की सगळं सपाट करून ‘जोनाथन किल्ल्यात शिरला’ अशा तृतीयपुरुषी गोष्टीत ओतलंय? ओतलं असेल तर फाइल गेली, आणि फाइलबरोबर पुस्तकही. अशी प्रत शाळकरी मुलाला गोष्ट म्हणून ठीक, ‘ड्रॅक्युला वाचली’ म्हणण्यासाठी नाही.

इंग्रजी वाचायचा आळस असलेल्यांना ऐकायची प्रत सुचवा. पूर्ण वाचन साधारण पंधरा ते अठरा तासांचं होतं. लिब्रिव्हॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेली फुकट मिळते. विकतची घेताना एकाच वाचकाऐवजी अनेक आवाजांतली घ्या. या पुस्तकात कोण बोलतंय हे कळणं अर्धं काम आहे, आणि आवाज बदलला की ते आपोआप होतं.

सिनेमाने शिकवलेलं आधी पुसा

हे नाव ज्याने ऐकलेलंच नाही असा वाचक मिळणं कठीण. प्रत्येकाच्या डोक्यात उभ्या कॉलरचा झगा घातलेला, तुळतुळीत केस मागे वळवलेला उमदा काउंट (म्हणजे उमराव) ड्रॅक्युला असतो. तो आला १९२० च्या दशकातल्या नाटकातून आणि पक्का झाला १९३१ च्या बेला लुगोसीच्या चित्रपटात. पुस्तकातला काउंट सुरुवातीला म्हातारा आहे. लांब पांढऱ्या मिशा, नायलाजाने सहन करावा असा श्वास, तळहातांवर केस. घरात नोकर नाहीत म्हणून पाहुण्याचं अंथरूण तोच गुपचूप घालतो आणि जेवणही तोच मांडतो, हे जोनाथनला फटीतून दिसतं. तो क्षण विनोदी आणि भयंकर असा दोन्ही आहे.

उन्हाने तो जळत नाही. पुस्तकात तो भर दिवसा लंडनच्या पिकॅडिलीत दिसतो. दिवसा त्याच्या शक्ती आखडतात, इतकंच. उन्हाने मरणं ही १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटाची भर. तो चित्रपट परवानगीशिवाय केलेला होता. स्टोकरची विधवा फ्लोरेन्स कोर्टात गेली आणि त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. काही वाचल्या, म्हणून आज पाहता येतो. हे आधी सांगितलं नाही तर वाचक पिकॅडिलीच्या पानावर ‘लेखकाची चूक’ पकडल्याच्या आनंदात थांबतो.

व्लाड नावाच्या पंधराव्या शतकातल्या राजाची ही कथा आहे, असं सांगून तर मुळीच देऊ नका. स्टोकर ट्रान्सिल्व्हेनियाला कधीच गेला नव्हता. १८९० च्या उन्हाळ्यात तो व्हिटबीला राहिला होता. तिथल्या वाचनालयात विल्यम विल्किन्सनच्या १८२० च्या पुस्तकात त्याला ‘ड्रॅक्युला’ हे नाव मिळालं आणि त्याने ते आपल्या आधीच सुरू केलेल्या कथेतल्या काउंटला दिलं. रोमानियात पर्यटकांना दाखवतात तो ब्रान किल्लाही पुस्तकात नाही. पुस्तकातला किल्ला बोर्गो खिंडीजवळ, देशाच्या उत्तरेकडे आहे.

सगळ्यात मोठी अपेक्षा मोडावी लागते ती ही: चौथ्या प्रकरणानंतर काउंट क्वचितच समोर येतो. त्याच्या नावाचं पुस्तक, पण त्याची रोजनिशी नाही, त्याचा आवाज नाही. खुणा असतात. खिडकीवर काहीतरी आपटतं, धुकं चुकीच्या दिशेने येतं, एक वेडा माणूस माश्या मोजू लागतो. वाचक ‘हिरो कधी येणार’ म्हणत बसला तर दोनशे पानं वाट पाहील.

पुस्तकात ठेवायची पट्टी

ग्रंथपालांनी आणि वाचनकट्टा चालवणाऱ्यांनी ही युक्ती जरूर करावी. जाड कागदाच्या पट्टीवर नावं लिहून तीच खूण म्हणून द्या. जोनाथन हार्कर: एक्झेटरचा नवा सॉलिसिटर, काउंटला लंडनजवळ घर विकत घेऊन द्यायला निघालेला. मिना मरे: त्याची होणारी बायको, शाळेत सहायक शिक्षिका, पुढे मिना हार्कर. लूसी वेस्टेनरा: मिनाची मैत्रीण. डॉ. सिवर्ड: २९ वर्षांचा, वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख, मित्र त्याला जॅक म्हणतात, गुरुजी जॉन. क्विन्सी मॉरिस: टेक्सासचा अमेरिकन. व्हॅन हेल्सिंग: ॲमस्टरडॅमचा म्हातारा प्राध्यापक. रेनफिल्ड: ५९ वर्षांचा रुग्ण.

आणि एक नाव अधोरेखित करा: आर्थर होमवूड. वडील वारल्यावर तो लॉर्ड गोडल्मिंग होतो आणि त्यानंतर कागदांत त्याच नावाने वावरतो. इंग्रज उमरावांच्या पदव्यांची सवय नसलेल्या वाचकाला वाटतं की नवीनच पात्र आलं, आणि आर्थर गेला कुठे म्हणून तो पानं मागे उलटत बसतो. पट्टीवर ‘आर्थर = गोडल्मिंग’ एवढं लिहिलं की झालं.

गाडी कुठे अडते

पाचव्याचं सांगून झालं. सहाव्यात म्हातारा स्वेल्स यॉर्कशरच्या अस्सल बोलीत बोलतो आणि इंग्रजी चांगलं येणाराही दोन पानं आंधळ्यासारखा चालतो. मालवणीचा गंध नसलेल्याला मालवणी गाऱ्हाणं ऐकवावं तसं ते आहे. वाचकाला सांगा, शब्दकोश उघडू नको. म्हातारा म्हणतो ते इतकंच: या कड्यावरच्या थडग्यांपैकी कित्येक रिकामी आहेत, माणसं समुद्रात बुडाली, दगडावर मात्र ‘येथे विसावला’ असं खोटं कोरलंय. हा अर्थ हाती असला की ती पानं गमतीदार होतात, आणि कोणत्या थडग्यावर मुली रोज बसतात हेही लक्षात राहतं. अकराव्यातल्या लंडनच्या रखवालदाराची बोली याहून सोपी. तिचा मतलब एवढाच की प्राणिसंग्रहालयातला एक लांडगा रात्री पळाला होता.

व्हॅन हेल्सिंगचं इंग्रजी मोडकं आहे आणि ते मुद्दाम तसं आहे. क्रियापदं चुकतात, शब्दांचा क्रम उलटासुलटा होतो. मराठीत कोणी ‘तो पुस्तक मी वाचली’ म्हणावं तशातली गत. परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकलेला आपला वाचक इथे स्वतःलाच दोष देतो, आपल्याला समजत नाही म्हणतो. त्याला आधीच सांगून ठेवा की चूक प्राध्यापकाची आहे. त्याची लांब भाषणं चौदाव्या आणि अठराव्या प्रकरणांत येतात. चौदाव्यातलं भरभर वाचलं तरी चालेल. अठराव्यातलं नाही. पिशाचाला काय जमतं, काय जमत नाही, याची नियमावली तिथे आहे: बोलावल्याशिवाय घरात प्रथम पाऊल टाकता येत नाही, वाहतं पाणी ठरावीक वेळीच ओलांडता येतं, आपल्या मातीखेरीज विसावा नाही. पुढचा सगळा पाठलाग या नियमांवर चालतो. ते पान वगळलेल्याला शेवटची सहा प्रकरणं नुसती धावपळ वाटते.

आजारपणाच्या प्रकरणांत रक्त देण्याचे प्रसंग आहेत, आणि तिथे विज्ञान शिकलेला वाचक हमखास हसतो: रक्तगट न बघता? रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टायनरने पुस्तकानंतर, १९०१ च्या सुमारास प्रसिद्ध केला. १८९७ च्या वाचकासाठी हे अत्याधुनिक उपचार होते. पुस्तकातली बाकी यंत्रंही तशीच, त्या काळची अगदी ताजी: फोनोग्राफ, टंकयंत्र, कोडॅकचा कॅमेरा. त्या वर्षीच्या लोकांना ही ‘आपल्या काळातली’ गोष्ट वाटली होती. आज आपण ती धुकं आणि घोडागाडीसाठी वाचतो, ही गंमत वाचकाला सांगण्यासारखी आहे.

शेवटची अडचण चोवीस ते सव्वीस या प्रकरणांत. नदी, बंदर, तार, वाट पाहणं, पुन्हा तार. इथे युरोपचा नकाशा उघडायला सांगा आणि काळ्या समुद्रावरचं व्हार्ना, डॅन्यूबवरचं गलात्झ (आजचं गलात्सी) आणि बिस्ट्रित्झ (आजचं बिस्ट्रित्सा) यांवर खुणा करायला लावा. तीन ठिपके पुरतात.

क्रूस, पवित्र भाकर, लसूण

हिंदू घरात वाढलेल्या वाचकाला क्रूस म्हणजे पिशाचाला पळवायचं हत्यार एवढंच ठाऊक असतं, तेही सिनेमातून. त्यामुळे पहिल्याच प्रकरणातली एक नाजूक गोष्ट निसटते. सरायवाली बाई जोनाथनच्या गळ्यात जपमाळ आणि क्रूस घालते आणि तो अवघडतो. तो इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चमधला, त्याला असल्या वस्तू मूर्तिपूजेसारख्या वाटायला शिकवलेलं असतं. म्हाताऱ्या बाईचं मन मोडवत नाही म्हणून तो ठेवून घेतो. पुढे तीच वस्तू त्याला आधार वाटू लागते. एका शिकलेल्या माणसाचा ताठा गळून पडण्याची ही सुरुवात आहे. व्हॅन हेल्सिंग जी पवित्र भाकर वापरतो तिचंही तसंच. कॅथलिक श्रद्धेत ती प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर असते, म्हणून ती तशी वापरताना पाहून बाकीचे स्तब्ध होतात. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती वाचकाला हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांना दोन वाक्यांत सांगा. लसणाच्या मात्र गड्ड्या नसतात, फुलं असतात, तीही हॉलंडातल्या हार्लेमहून मागवलेली. गड्ड्यांची माळ डोळ्यांपुढे आणलीत तर चित्र बिघडतं.

‘पिशाच म्हणजे आपला वेताळच’ असंही कुणाला सांगू नका. वेताळ प्रेतात शिरतो, झाडाला लटकतो, राजाला कोडी घालतो. त्याला बुद्धीची भूक आहे, रक्ताची नाही. दोघांची गाठ पडते ती वेगळ्याच ठिकाणी. वेताळकथांचं इंग्रजी रूपांतर रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये केलं आणि त्याच्या नावातच ‘विक्रम आणि व्हँपायर’ असा शब्द घातला. स्टोकर लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचा व्यवस्थापक होता आणि त्याची बर्टनशी ओळख होती. बोलताना बर्टनचा वरचा ओठ उचलला जाऊन सुळा खंजिरासारखा चमकला, असं स्टोकरने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. वेताळ पंचविशी माहीत असलेल्यांच्या बैठकीत ही गोष्ट सांगून पाहा, पुस्तक हातोहात जाईल.

चाखायला काय द्यावं

मोठ्याने वाचून दाखवायचं असेल तर दुसऱ्या प्रकरणातली ८ मेची नोंद घ्या. जोनाथन खिडकीशी आरसा टांगून दाढी करतोय, खांद्यावर हात पडतो, काउंट ‘सुप्रभात’ म्हणतो, आणि आरशात मागची सगळी खोली दिसते, माणूस दिसत नाही. पुढे आरसा खिडकीबाहेर जातो आणि जोनाथनला पहिली चिंता पडते ती आता दाढी कशी करायची याची. ऐकणारे तिथे हसतात. हसू विरायच्या आत प्रकरणाच्या शेवटच्या ओळी वाचा, जिथे त्याला एकामागून एक दारं बंद सापडतात, आणि पुस्तक मिटा. दहा मिनिटांत काम होतं.

दुसरा उतारा तिसऱ्या प्रकरणातला, १२ मेचा: काउंट किल्ल्याच्या भिंतीवरून डोकं खाली करून उतरतो, सरड्यासारखा. घरच्या भिंतीवर रोज पाल बघणाऱ्या आपल्या वाचकाला तो परिच्छेद इंग्रजापेक्षा जास्त झोंबतो. मराठीत सांगताना ‘पाल’च म्हणा.

‘डिमिटर’ची नोंदवही मात्र चाखायला देऊ नका, कितीही मोह झाला तरी. कप्तान, दोन दुय्यम अधिकारी, आचारी आणि पाच खलाशी एवढ्यांचं जहाज, आणि रोज कोणीतरी कमी. सुटी कथा म्हणून ती अप्रतिम आहे. पण पुस्तकात आधी वादळ येतं, जहाज व्हिटबीच्या बंदरात घुसतं, सुकाणूला कोण आहे ते दिसतं, आणि मग ती वही उघडली जाते. परिणाम आधी, कारण नंतर. वही आधी वाचली की वादळ वाया गेलं.

गटाने वाचायचं असेल तर

सहा बैठका करा, पण प्रकरणांचे समान भाग पाडू नका, कथा जिथे श्वास घेते तिथे तोडा: १ ते ४, ५ ते ८, ९ ते १२, १३ ते १६, १७ ते २१, २२ ते २७. चौथ्याच्या, बाराव्याच्या आणि सोळाव्याच्या शेवटी वाचक आपणहून थांबतो. एकट्याने वाचणाऱ्यालाही बसल्या बैठकीला दोन प्रकरणं, हा वेग जमतो. पंधरवड्यात पुस्तक होतं. पहिल्या बैठकीत कोणी पुढचं सांगायचं नाही हा नियम, आणि प्रत्येकाने एकेका लिहिणाऱ्याचे कागद वाचून दाखवायचे. मिनाचे कागद ज्याच्याकडे जातील त्याला सर्वाधिक काम पडेल. फाइल तिनेच लावलेली आहे.

चर्चेत खटकणाऱ्या जागाही येणार, त्या झाकू नका. काउंटच्या चाकरीतल्या जिप्सी टोळ्यांचं चित्रण आणि सव्विसाव्या प्रकरणातला ज्यू व्यापारी हे त्या काळच्या हीन समजुतींतून आलेले आहेत. मिनाची बुद्धी पाहून व्हॅन हेल्सिंग तिला ‘पुरुषाचा मेंदू’ लाभल्याचं प्रशस्तिपत्र देतो, आणि मग सगळे पुरुष मिळून तिला बैठकीतून वगळतात, तिच्याच भल्यासाठी. त्या निर्णयाचं काय होतं ते पुस्तकच दाखवतं. बाई असलेल्या गटांत हे प्रकरण सर्वात जास्त रंगतं.

तारखांनुसार वाचायचीही एक पद्धत आहे. गोष्ट ३ मेला सुरू होते आणि ६ नोव्हेंबरला संपते. २०२१ पासून ‘ड्रॅक्युला डेली’ नावाचं एक ईमेल-पत्र त्या त्या तारखेचा मजकूर त्या त्या दिवशी पाठवतं. कल्पना झकास आहे, पण ती दुसऱ्या वाचनासाठी. कागद तारखेने लावले की लूसीची मेमधली पत्रं किल्ल्याच्या मधोमध येतात आणि कोंडलेपणा फुटतो. जहाजाची वही ६ जुलैपासून रोज उलगडते आणि वादळाच्या आधीच संपते. स्टोकरने क्रम मुद्दाम मोडला होता. एकदा पूर्ण वाचलेल्याला मात्र पुढच्या ३ मेला पुस्तक पुन्हा काढायला सांगा. ३० जूननंतर जोनाथनचा कागद येणं थांबतं आणि आठवडेच्या आठवडे त्याच्याकडून काही येत नाही. मिना पत्राची वाट बघत असते, तेवढेच दिवस मग वाचकालाही काढावे लागतात.